दुसरी दुभाषी

त्याचा आवाज आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. शेंग फोडलेली, अंगठा आत, आणि बाहेरच्या खोलीतून नातीच्या लॅपटॉपमधून तो बोलला. काय बोलला ते आधी कळलंच नाही. आधी कळला तो श्वास. मोठं काही सांगायचं असलं की तो नाकानं लांब श्वास घेतो, मग गळ्यातल्या गळ्यात थोडंसं हसतो, जसं काही म्हणतोय, आता खास देतोय हं तुला, ओंजळ पुढे कर. तो श्वास भिंतीपलीकडून आला आणि माझी जीभ, मला न विचारता, तोंडात हलली. त्याचं वाक्य संपलं की माझं सुरू व्हायचं, ही तिची जुनी सवय. मी तिला दातांखाली धरलं. इतकी वर्षं घरच्या बोलण्यापलीकडे तिला काही काम नव्हतं. भाजीवाल्याशी घासाघीस, सुनेशी फोनवर, देवाशी मनातल्या मनात. आणि ही बया एका श्वासाला उठून उभी राहिली, नोकरीवर हजर.

माझ्या नातीला आम्ही टिटवी म्हणतो. लहानपणी ती झोपायची तेवढाच वेळ घरात शांतता असायची. आता ती तीन भाषा बोलते आणि तिन्हींत भांडते. जीभ आमच्या घरात वारशानं आली आहे. मीही दुभाषी होते, तीही झाली, आणि कुठे, तर त्याच संस्थेत, जिचा निळा कोट घालून मी तरुणपणी तंबूतंबूंतून हिंडले. सोमवारी तिला निघायचं होतं. कुठल्यातरी नदीनं कुठलीतरी गावं खाल्ली होती, तिथे छावणी उभी राहिली होती. जाण्याआधी हा वर्ग करावाच लागतो म्हणे. मदत घेणाऱ्या बायकांशी कसं वागायचं, कोणी वाईट वागलं तर तक्रार कुठे करायची, तक्रार आली की काय करायचं. तिच्या हेडफोनचा एक कान मेला होता म्हणून तिनं आवाज उघडाच ठेवला होता. एवढंच झालं. हेडफोन धड असता तर मी वाटाणे सोलून मोकळी झाले असते.

"टिटवे, कोण बोलतोय गं हा?"

"आजी, वर्ग चालू आहे."

"चालू आहे ते ऐकू येतंय मला, बहिरी नाही झाले अजून. माणूस कोण आहे?"

तिनं आपल्याकडचा माईक बंद आहे ना ते पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "फार मोठा माणूस आहे गं. तक्रार समितीचा अध्यक्ष. कुठल्याही छावणीत कोणी बाईशी गैर वागलं तर शेवटी सगळं याच्याकडे जातं. नियमसुद्धा यानंच लिहिलेत. आवाज काय आहे ना पण?"

"मधासारखा."

"अगदी!" ती खूश झाली. "बरोब्बर शब्द."

शब्द माझा नव्हता. माझ्या वेळच्या छावणीतल्या बायकांनी तो पहिल्याच आठवड्यात त्याला चिकटवला होता. मधसाहेब. त्याला वाटायचं कौतुकानं म्हणतात. मला एकदा विचारलं त्यानं, माझ्याबद्दल काय बोलतात या? मी म्हटलं, तुम्हाला मध म्हणतात. दुभाषीनं काही घालायचं नसतं, काही गाळायचं नसतं. पण कोणी विचारलं नाही ते समजावून सांगायचंही नसतं. मधाचं बोट लावणं म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही.

कसे दिवस होते ते. म्हातारपणी सगळंच गोड वाटतं म्हणतात, पण ते खरंच तसे होते. सकाळी ताडपत्रीवर दव असायचं, उन्हं आली की तिला उकळलेल्या रबराचा वास सुटायचा, आणि त्या वासात मी माणसांची माणसांशी गाठ घालून द्यायचे. डॉक्टरला पोट कळायचं ते माझ्यामुळे. आईला औषध कळायचं ते माझ्यामुळे. एकदा एका म्हाताऱ्यानं धान्य वाटणाऱ्या अधिकाऱ्याला अशी शिवी हासडली की रांग गप्प झाली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ती शिवी जशीच्या तशी, तिच्या आईबहिणीसकट, पलीकडे पोचवली. अधिकारी लाल झाला, मग हसत सुटला, म्हाताऱ्याला बसायला खोकं दिलं. त्या दिवसापासून रांगेतल्या लोकांनी मला आपलं म्हटलं. ही बाई पूर्ण सांगते. माझा नवरा म्हणायचा, तू झोपेतही दोघांची भांडणं इकडून तिकडे नेतेस, मध्ये मी झोपलोय याचं तरी भान ठेव. मला त्या कामाचा गर्व होता. दुभाषीनं पाण्याच्या नळासारखं असायचं. पाणी कोणाचं, नळाला काय त्याचं. हे आम्हाला शिकवलं होतं आणि मला ते फार थोर वाटायचं. आज वाटतं, हे ज्यानं शिकवलं त्याच्या घरात एकदा गटाराचं पाणी नळाला यायला हवं होतं.

शिवणवालीच्या तंबूत मी दुपारी चहाला जायचे. ती माझ्याहून थोडी लहान, नवरा पुरात गेलेला, अंगावर पिणारं पोर. तिनं पुरातून दोनच गोष्टी वाचवल्या, पोर आणि हातमशीन. "पोर आपणहून गळ्यात पडलं होतं, मशीन मी डोक्यावर घेतली," असं सांगायची आणि स्वतःच हसायची. छावणीभर लोकांच्या फाटक्याला टाके घालायची. तोंडाची मात्र फटकळ. मधसाहेबानं आपल्या कचेरीच्या दाराशेजारी तक्रारपेटी टांगली, लाल रंगाची, आणि तिची किल्ली आपल्याच जुडग्यात अडकवली, तेव्हा ही रांगेतून मोठ्यानं म्हणाली, "वा! शिंक्याच्या राखणीला बोका." सगळ्या बायका खिदळल्या. त्यानं विचारलं, काय म्हणाली? मी पूर्ण सांगितलं. तोही हसला. श्वास घेऊन हसला. त्यानंतर तो तिच्याशी फार गोड बोलायला लागला.

तिच्या तंबूचं छप्पर गळत होतं. ती ताडपत्री मागायला आली, भर सकाळी, भर रांगेत, मी मध्ये उभी. तो म्हणाला, ताडपत्र्या संपल्यात, पण तुझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवतो, संध्याकाळी गोदामात ये, एकटी ये, बाकीच्यांनी पाहिलं तर सगळे मागतील. मी तिला ते सांगितलं. दिवसभरात शेकडो वाक्यं जिभेवरून जायची, त्यातलं ते एक. त्यात काही वास आला नाही मला. वाटलं, देतोय बिचारीला. तिलाही तेच वाटलं. ताडपत्री मिळणार म्हणून तिनं तिथल्या तिथे मला डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी ती मशीनशी बसली होती आणि मशीनमध्ये कापड नव्हतं. नुसतीच सुई वरखाली करत होती. मी विचारलं, ताडपत्री मिळाली? ती म्हणाली, "ताई, गोदामाचं दार आतून लागतं हे तुम्हाला ठाऊक होतं?" मग सगळं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे, आणि जिथे सांगायचं तिथे तिनं ते पूर्ण सांगितलं, माझ्या तोंडून.

बाहेर आवाज चालूच होता. तो म्हणत होता की प्रत्येक बाईचा शब्द ऐकला गेला पाहिजे. चांगलं बोलत होता. त्याची वाक्यं नेहमीच अशी असायची, नेमकी, कुठे थांबायचं ते कळणारी, दुभाषीला सोपी. मी शेंगा तशाच टाकल्या आणि परात हातात घेऊन दाराशी आले. पडद्याच्या एका कोपऱ्यात तो होता. केस पांढरे झालेले, चांगले दिसत होते त्याला. मागे पुस्तकांचं कपाट. बाकीच्या पडद्यावर लहान लहान चौकटी, प्रत्येकीत एक तरुण चेहरा, त्यात एक आमची टिटवी, गालाला हात लावून ऐकणारी. मला राग आला तो आधी त्या कपाटाचा. माणसाच्या मागे कपाट ठेवलं की तो काय काय होतो.

तेव्हा, तिकडे छावणीत, शिवणवालीच्या तक्रारीवर समिती आली होती, विमानानं. आली हेच केवढं, असं सगळे मला सांगत होते. आमचा तंबूप्रमुख म्हणाला, बघा, संस्था किती गंभीर आहे. दोन पुरुष आणि एक बाई. बाईंनी टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवला, रडू आलं तर घे असं शिवणवालीला हातानं दाखवलं. ती मला म्हणाली, "कापड बरं दिसतंय, पण इतकं तकलादू? एका टाक्यात फाटेल." हे मी पोचवलं तेव्हा बाईंना काय करावं कळेना, त्या हसल्या नाहीत. मधसाहेब समोर बसला होता, पाय एकावर एक टाकून. सुरुवात व्हायच्या आधी मी हात वर केला. म्हटलं, गोदामात एकटी ये हे वाक्य यांनी माझ्यासमोर म्हटलं आहे, मीच ते हिला सांगितलं, मी साक्षीदार आहे.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही दुभाषी आहात," त्या म्हणाल्या. "दुभाषी तटस्थ असते. साक्ष दिलीत तर तुम्हाला या चौकशीत दुभाष्याचं काम करता येणार नाही."

"मग दुसरा दुभाषी आणा."

"या भागात दोन्ही भाषा येणारं दुसरं कोणी नाही. तुम्हालाच माहीत आहे."

"मग थांबा कोणी येईपर्यंत."

"आमचं परतीचं विमान उद्या आहे." आणि मग, अगदी मनापासून, कळवळून, "समजून घ्या. हा नियम तिच्याच रक्षणासाठी आहे."

शिवणवाली आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. "काय म्हणतायत?" मी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. एक तर मी साक्ष द्यायची आणि तिनं मुकं बसायचं, नाहीतर तिनं बोलायचं आणि मी मुकं व्हायचं. तिनं पोराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "ताई, तुम्ही साक्षीदार झालात तर माझं यांना सांगणार कोण? तुम्ही माझं बोला. खरं आहे ते कळेलच की यांना, एवढी शिकलेली माणसं आहेत."

एवढी शिकलेली माणसं. आजही हे आठवलं की माझ्या हाताची मूठ होते, परातीच्या काठाभोवती. तिनं सांगितलं. मी तिच्या शब्दांत, 'मी' म्हणून, सांगितलं. मी गेले, मी दार ढकललं, मी ओरडले. दुभाषी असंच बोलते. मग त्याची पाळी आली. त्यानं श्वास घेतला. थोडं हसला. म्हणाला, मी या बाईला नीट ओळखतही नाही, ताडपत्री मिळाली नाही म्हणून हिनं हे रचलं, मला हिची दया येते. आणि मग त्या तंबूत, उकळलेल्या रबराच्या वासात, मी तिच्याकडे वळून म्हणाले, मी तुला नीट ओळखतही नाही. ताडपत्री मिळाली नाही म्हणून तू हे रचलंस. मला तुझी दया येते. ती त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. जिथून आत्ताच तिचं दुःख बाहेर पडलं होतं त्याच तोंडाकडे. त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. "नेहमीप्रमाणे अचूक," म्हणाला. आभार मानले माझे.

संध्याकाळी निकाल. आरोप गंभीर आहे, परंतु स्वतंत्र साक्षीदार आढळला नाही. हेही मलाच सांगावं लागलं. साक्षीदारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की साक्षीदार नाही. पुढे शिवणवालीचा तंबू छावणीच्या टोकाला हलवला, नळापासून लांब, तिच्या सुरक्षिततेसाठी. त्याला निरोपाचा चहा झाला आणि तो वरच्या जागेवर गेला. मी मुख्य कचेरीला लिहीत राहिले. प्रकरण मिटलं आहे, असं उत्तर यायचं, खाली सही, सहीखाली हार्दिक शुभेच्छा. मग माझी मुदत संपली आणि वाढवली नाही. एका सकाळी तिचा तंबू रिकामा होता. मशीन तिनं नेली होती, एवढं एक बरं वाटलं मला. नवरा म्हणाला, साप गेला, आता भुई कशाला धोपटतेस. चांगला माणूस होता तो, माझ्या काळजीनंच बोलला. पण भुई धोपटण्याचंही एक वय असतं, ते निघून गेलं. संसार, मुलगा, सून, ही टिटवी.

"...माझाच अनुभव सांगतो," लॅपटॉपमधून तो म्हणत होता. मी दाराच्या चौकटीला टेकले. "तरुण असताना मी एका छावणीत होतो. तिथे माझ्यावरच एक खोटी तक्रार झाली. चौकशी झाली, मी निर्दोष ठरलो. पण मी त्या बाईवर राग धरला नाही. मला तिची दया आली. पुढे मी हे नियम लिहिले, त्यांचं मूळ त्या दिवसांत आहे." लहान लहान चौकटींतल्या मुलांनी माना हलवल्या. कोणीतरी पडद्यावर लाल बदामाचं चित्र पाठवलं. ते तरंगत वर गेलं.

परात माझ्या हातून सुटली. वाटाणे खोलीभर झाले, कपाटाखाली, टिटवीच्या खुर्चीखाली. ती दचकून उठली. "आजी! काय झालं? चक्कर आली का?"

"खोटं बोलतोय. ती शिवणवाली होती. मी तिथे होते."

मी सांगितलं. नीट नाही सांगता आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं नेमकं सांगणारी बाई, स्वतःचं सांगताना शेपटाकडून सुरू करते, तसं. ताडपत्री, पेटी, विमान, रुमालांचा डबा. पण टिटवीला कळलं. तिचा चेहरा आधी मऊ झाला, मग बंद झाला.

"तू कधीच बोलली नाहीस यातलं."

"बोलले होते. ज्यांना बोलायचं त्यांच्याशी."

"मग आता मी काय करू?"

"त्या लॅपटॉपच्या पेटाऱ्यात मला बोलू दे."

"आजी, वेड लागलंय का तुला? सोमवारी निघायचंय मला. पहिली नोकरी आहे. या चौकटीखाली माझं नाव लिहिलंय, तुझं नाही." तिचा आवाज चढला, टिटवीसारखाच. "तुझा इतक्या वर्षांचा राग माझ्या नोकरीवर काढणार तू?"

खरंच होतं ते. मी खाली बसले आणि वाटाणे गोळा करायला लागले. गुडघे वाजले. राग माझा होता आणि मोल ती देणार होती. तेव्हाही असंच होतं, नियम त्यांचा आणि मोल शिवणवालीचं. मला त्या नियमाचा राग आला, विमानाचा आला, बाईंच्या त्या कळवळ्याचा तर सगळ्यांत जास्त, आणि पोरीवर राग येईना म्हणून अधिकच संताप आला. म्हटलं, "राहू दे. तुझा वर्ग पुरा कर. हेडफोन घाल, चालतो त्या कानाला."

ती हलली नाही. तिकडे तो प्रश्न विचारा म्हणत होता, संकोच करू नका, ही जागा सुरक्षित आहे. टिटवी माझ्याकडे वाकली. हळू विचारलं, "त्यानं तिला म्हटलेलं वाक्य. जे तू पोचवलंस. नेमकं काय होतं?"

मी वर पाहिलं. आणि म्हटलं ते, त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत. ठरवून नाही, पण नाकानं लांब श्वास घेतला गेला आणि गळ्यात ते हसू आलं, आणि मग ते वाक्य, बाजूला काढून ठेवतो, संध्याकाळी ये, एकटी ये. जिभेनं सांभाळून ठेवलं होतं ते, सालासकट. टिटवीनं माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. तिकडे कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्यानं श्वास घेतला. तोच. तिच्या दंडावर काटा आलेला मला खालून दिसला.

"सोमवारपासून," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, "यांची वाक्यं मी सांगणार. रांगेतल्या बायकांना. माझ्या तोंडून."

मग तिनं काय केलं, तर मला हाताला धरून उठवलं. माझ्या पदराला चिकटलेलं साल काढलं. दुसरी खुर्ची ओढली, आपल्या शेजारी, अगदी चौकटीत येईल अशी. माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, शाळेत जाताना मी तिचे सारायचे तसे. आणि पडद्यावरचं हात वर केल्याचं चित्र दाबलं.

"टिटवे, मला येते त्याची भाषा. मीच बोलेन. तुझं तोंड नको त्यात."

"नाही." ती पडद्याकडेच बघत होती. "तू आपल्या भाषेत बोल. आज तू दुभाषी नाहीस. तेव्हा त्यांच्याकडे दुसरी नव्हती ना? आता आहे."

त्यानं तिचं नाव वाचलं, चुकीचं उच्चारलं, आणि गोड हसून म्हणाला, "हां, बोला. शेजारी कोण आहेत? आजी वाटतं? घरचेही ऐकतायत, किती छान!"

तिनं माईक उघडला. तिचा हात टेबलाखाली माझ्या हातात होता. "माझा प्रश्न नाही," ती त्याच्या भाषेत म्हणाली. "आत्ता तुम्ही ज्या तक्रारीबद्दल सांगितलंत, त्या चौकशीत एक साक्ष घ्यायची राहिली होती. साक्षीदार आमच्या भाषेत बोलतील. मी दुभाषी आहे. काही घालणार नाही, काही गाळणार नाही."

लहान चौकटींतली मुलं पुढे सरकली. तो माझ्याकडे बघत होता. आधी माझ्या केसांकडे, मग तोंडाकडे. तोंड ओळखलं त्यानं. मला ते दिसलं.

माझी जीभ कोरडी पडली होती. तिला सवय नव्हती. वाक्य तयार होऊन समोरून येण्याची तिला सवय होती, आणि आज समोरून काही येत नव्हतं. उकळलेल्या रबराचा वास आला. शिवणवाली पोराला या मांडीवरून त्या मांडीवर घेताना दिसली. खुर्चीखाली एक वाटाणा पायाला लागत होता, मी तो टाचेखाली धरला.

"मी तिथे होते," मी म्हणाले. "ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं."

आणि थांबले. दुभाषीला जागा द्यावी लागते. टिटवीनं ते उचललं आणि पलीकडे नेलं, तरुण, चढ्या, न कापणाऱ्या आवाजात, 'मी' म्हणून. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अचूक होतं. मग मी पुढचं सांगायला लागले.